देवनागरी वाचता येते, तरी बोडो वाचता का येत नाही?

प्रश्न आसामातल्या चिरांग जिल्ह्यात आरोग्याच्या कामावर गेलेल्या एका मराठी डॉक्टरांचा आहे. बोडो भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे पाट्या आणि पत्रकं त्यांना पहिल्या दिवसापासून वाचता आली. पण तीच मोठ्याने वाचून दाखवली की समोरचे गोंधळतात. ही भाषा सुरांची आहे, म्हणजे आवाजाच्या उंचीने शब्दाचा अर्थ बदलतो, हे त्यांनी ऐकलं आहे, पण लेखनात सूर कुठेच दिसत नाही. अक्षरं कशी उच्चारायची, सूर का लिहीत नाहीत आणि मराठी अहवालात बोडो नावं कशी लिहायची, असं त्यांनी विचारलं आहे.

सुरुवात सुरापासून करू नका. तुमचे ऐकणारे आत्ता गोंधळतात ते बहुतेक स्वरांमुळे. अक्षर ओळखीचं दिसतं आणि आपण त्याला मराठी मोल देऊन मोकळे होतो. बोडोत त्याच अक्षरांची मोलं वेगळी ठरलेली आहेत.

पहिलं अक्षर अ. मराठीतला ‘अ’ बोडोत नाही. तिथे ‘अ’ लिहिलं की ‘ऑ’च्या जवळचा, कधी ‘ओ’कडे झुकणारा स्वर काढायचा. ‘अर’ म्हणजे आग, ‘अखा’ म्हणजे पाऊस. दोन्हींची सुरुवात गोल ओठांनी होते. असमियातही ‘अ’चा उच्चार असाच आहे, आणि बोडो पूर्वी असमिया लिपीत लिहिली जात असे. लिपी बदलली तरी ही जुनी सवय राहिली. म्हणून व्यंजनात मिसळलेला अ सुद्धा ‘ऑ’सारखाच वाचायचा. ‘बरʼ’ (बोडो लोकांचं स्वतःचं नाव) हा शब्द मराठी डोळ्याला ‘बर’ दिसतो, पण म्हणायचा ‘बॉरॉ’. शेवटी जो वर उचललेला स्वल्पविराम आहे तो ‘इथला स्वर गिळू नका’ असं सांगतो. आपण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ सहज सोडून देतो, बोडोतही ‘सान’ (सूर्य, दिवस) म्हणताना तो सुटतो. जिथे सोडायचा नाही तिथे ही खूण येते: ‘नʼ’ म्हणजे घर, ‘गथʼ’ म्हणजे मूल, ‘दʼ’ म्हणजे सहा.

आता ओ. मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो ते इथे. बोडोत ‘ओ’ लिहितात, पण तो ‘ओ’ नाही. जीभ ‘ऊ’ म्हणताना जशी मागे आणि वर जाते तशीच ठेवा, ओठ मात्र गोल करू नका, ‘ई’ म्हणताना जसे बाजूला ताणले जातात तसे ताणा. जो आवाज निघेल तो बोडोचा सहावा स्वर. इ, ए, आ, उ आणि वर सांगितलेला ‘ऑ’ हे बाकीचे पाच. मराठीत हा सहावा स्वर नाही, हिंदीत नाही, असमियातही नाही. रोमन लिपीत बोडो लिहिणारे त्याच्यासाठी ‘डब्ल्यू’ वापरतात, म्हणून एखाद्या जुन्या पत्रकात स्वराच्या जागी ‘डब्ल्यू’ दिसला तर तो छापखान्याचा दोष समजू नका.

हा स्वर पावलोपावली लागतो. ‘आरो’ म्हणजे आणि, ‘नों’ म्हणजे तू, ‘गोसो’ म्हणजे मन, ‘ओंखाम’ म्हणजे भात. अनेकवचनाचा प्रत्यय ‘फोर’ आहे: ‘गथʼफोर’ म्हणजे मुलं. हा प्रत्यय तुम्ही इंग्रजीतल्या ‘फोर’ (चार) सारखा उच्चारलात तर प्रत्येक वाक्यात परकेपणा ऐकू येईल. आरशासमोर उभं राहून ‘ऊ’ आणि ‘ई’ आलटूनपालटून म्हणा आणि ओठ हलले तरी जीभ जागची हलू देऊ नका. थोड्याच दिवसांत जमतं. सूर जमण्याआधी हा स्वर जमायला हवा, कारण ऐकणारा शब्द ओळखतो तो आधी स्वरावरून.

याच स्वराने ऐ आणि औ सुद्धा बदलले आहेत. बोडोतला ‘ऐ’ म्हणजे तो ताणल्या ओठांचा स्वर आणि मागोमाग इ. ‘दै’ म्हणजे पाणी, ‘दैमा’ म्हणजे नदी, ‘नै’ म्हणजे दोन, ‘ब्रै’ म्हणजे चार. यांतला एकही शब्द मराठी ‘दैव’ किंवा ‘नैवेद्य’ यांच्या चालीने वाचायचा नाही. औ तसाच, तो स्वर आणि मागोमाग उ: ‘थाइजौ’ म्हणजे आंबा. आणि जिथे खरोखर ‘आ’ नंतर ‘इ’ हवा असतो तिथे बोडो लेखक तो सुटा लिहितात, ‘आखाइ’ (हात). म्हणजे व्यवस्था पक्की आहे. ‘ऐ’ आणि ‘आइ’ यांच्यात गल्लत होऊ नये याची काळजी लेखनातच घेतली आहे. तुम्ही पत्रकातले ‘आखाइ’सारखे शब्द ‘शुद्ध’ करून ‘आखै’ केलेत तर तो दुसराच उच्चार होईल.

व्यंजनांत काम सोपं आहे. मूळच्या बोडो शब्दांत क, च, ट, त, प नाहीत. ख, थ, फ आहेत आणि ग, द, ब आहेत. क-त-प दिसले तर शब्द उसना आहे असं धरायला हरकत नाही. चहाला ‘साहा’ म्हणतात, कारण च नाही आणि स आहे. ण आणि ळ नाहीत. ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ जुळवून हवा सोडा, जशी जुन्या वळणाची माणसं ‘फूल’ आणि ‘फळ’ म्हणतात. शहरी मराठीत आता दात ओठावर टेकतात, तसा नको. शब्दाच्या शेवटी ब, द, ग आले की तोंड मिटून तिथेच थांबा, ‘बिजाब’ (पुस्तक) म्हणताना शेवटच्या ब नंतर हवा सुटू देऊ नका.

दोन खुणांकडे मात्र नीट लक्ष द्या. एक अनुस्वार. मराठीत पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचा म, न, ण होतो, हिंदीत कधी नुसता नाकातून काढलेला स्वर असतो. बोडोत शब्दाच्या शेवटी अनुस्वार म्हणजे ङ, ‘रंग’मधला ग काढून टाकल्यावर जो उरतो तो. ‘आं’ म्हणजे मी, ‘मोजां’ म्हणजे चांगलं. ‘आम्’ नाही, ‘आँ’ही नाही. ज्याला ‘वाङ्मय’ नीट म्हणता येतं त्याला हा ध्वनी अवघड नाही, फक्त तो शब्दाच्या शेवटी आणायची सवय लावायची.

दुसरी खूण ज. इथे मराठी माणसाला हिंदी भाषकापेक्षा मोठा फायदा आहे, कारण आपल्याकडे दोन ज आहेत. ‘जग’मधला एक, ‘जाड’ आणि ‘जरा’मधला दुसरा. बोडोला दुसरा हवा. बोडो आडनावं इंग्रजीत लिहिताना म्हणूनच ‘झेड’ येतो, नार्जारि हे आडनाव पाहा. पण हा फायदा आपण हातचा घालवतो. देवनागरी पण अनोळखी मजकूर दिसला की आपण नकळत हिंदीच्या वाटेने वाचू लागतो आणि ‘जा’ हे अक्षर तर मराठीतही ‘तू जा’मधल्यासारखं म्हणतो. बोडोतला ‘जा’ वाचताना ‘जाड’ शब्द मनात आणा.

आता हाच ‘जा’ घेऊन सुराकडे येऊ. बोडोत ‘जा’ म्हणजे खाणं आणि ‘जा’ म्हणजे होणं, घडणं. लेखन एकच. ‘जाबाय’ म्हणजे खाऊन झालं, ‘जाबाय’ म्हणजेच घडून गेलं. दोन्हींत स्वर तोच, व्यंजन तेच, फरक आवाजाच्या उंचीचा. एक उंच सुरात, दुसरा खालच्या. अशाच जोड्या: ‘बु’ म्हणजे मारणं आणि ‘बु’ म्हणजे फुगणं, सुजणं. ‘रान’ म्हणजे वाळणं आणि ‘रान’ म्हणजे वाटून देणं. आणि डॉक्टरांच्या कामाची जोडी: ‘हाम’ म्हणजे बरं होणं आणि ‘हाम’ म्हणजे बारीक होणं, रोडावणं. मुलाची आई ‘हामबाय’ म्हणाली तर ते मूल सुधारलं की खंगलं, हे तुमच्या कागदावर उतरलेल्या अक्षरांतून कधीच कळणार नाही. तिच्या आवाजातून कळेल, किंवा तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात तर कळेल. सूर कानात बसेपर्यंत तो आणखी एक प्रश्न विचारायचाच, त्यात कमीपणा नाही.

यांतला कोणता उंच आणि कोणता खालचा हे मी मुद्दाम इथे लिहीत नाही. सुराचं नाव पाठ करून काही होत नाही. बोलीबोलीत सुराचा प्रत्यक्ष आकार बदलतो आणि पाठ केलेलं ‘उंच’ तुम्ही मराठी पट्टीत म्हणाल. गावातल्या एका माणसाकडून या चार जोड्या म्हणून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि आधी शब्द बाजूला ठेवून नुसतं गुणगुणून त्याच उंचीवर या. मग शब्द घाला. पुरुषाचा आवाज ऐकून बाईने किंवा उलट शिकताना घाबरू नका. सुराला पेटीची ठरावीक पट्टी लागत नाही. त्याच माणसाच्या एका शब्दाच्या तुलनेत दुसरा वर आहे की खाली, एवढंच मोजलं जातं. दोन अक्षरी शब्दांत सुराचं काम बहुधा शेवटच्या अक्षरावर असतं, तेव्हा कान तिकडे लावा.

आणखी एक सवय सोडावी लागेल. मराठीत प्रश्न विचारताना, आश्चर्य दाखवताना, लाडात बोलताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. तो चढ बोडो शब्दावर घातला की खालच्या सुराचा शब्द उंच ऐकू येऊ शकतो. नवखे लोक जोड्या अचूक म्हणतात आणि वाक्यात चुकतात त्याचं हे कारण. म्हणून सराव एकेकट्या शब्दाचा कमी आणि छोट्या वाक्यांचा जास्त करा: ‘आं ओंखाम जाबाय’, मी जेवलो. ‘ओंखाम’ शेजारी असला की ‘जा’चा अर्थ आपोआप ठरतो, त्यामुळे सूर चुकला तरी गोष्ट कळते. नवख्यासाठी हा मोठा आधार आहे. बोडोत सूर किती मानायचे यावर जुन्या वर्णनांत मतभेद आहेत, काहींनी दोनाहून जास्त मोजले. शिकणाऱ्याने उंच आणि खालचा हे दोन धरून चालावं, रोजच्या कामाला तेवढे पुरतात.

मग लिहीत का नाहीत? शेजारच्या बहीण-भाषांकडे पाहिलं तर उत्तर उलगडतं. त्रिपुरातली कोकबोरोक बोडोच्या जवळची. तीही दोन सुरांची. रोमन लिपीत लिहिताना तिथे उंच सुराच्या स्वरापुढे ‘एच’ लिहिण्याची पद्धत आहे: ‘चा’ म्हणजे बरोबर (अचूक), त्यालाच ‘एच’ जोडला की खाणं. मेघालयातली गारो त्याच घराण्यातली, पण तिच्यात सूर नाहीत. तिथे त्याच जागी घशात आवाज क्षणभर अडवतात आणि लेखनात त्यासाठी एक खूण घालतात, तिला ‘राका’ म्हणतात. गारोतही खाण्याच्या शब्दात ती आहे. म्हणजे एकाच जुन्या ध्वनीचा वारसा एकीने गळ्यातल्या अडथळ्यात जपला, दुसरीने सुरात. दोघींनी तो लिहूनही दाखवला. बोडोने बोलण्यात जपला आणि लेखनात मोकळा सोडला. मला या तिघींची तुलना फार मोलाची वाटते, कारण सूर आकाशातून पडत नाही, व्यंजनांच्या जुन्या खुणाच कधीकधी सूर होऊन राहतात, हे त्यातून कानाला कळतं. पंजाबीत हे अजून होताना दिसतं. ‘घोडा’ लिहितात, पण घ न म्हणता क सारखा ध्वनी काढून आवाज खाली नेतात, आणि लेखनातला घ हीच सुराची खूण बनते.

मातृभाषकाला सुराची खूण सहसा लागत नाही. मिझो भाषेसाठी लॉरेन आणि सॅव्हिज या मिशनऱ्यांनी १८९४ साली रोमन वर्णमाला बसवली. मिझोला चार सूर आहेत आणि रोजच्या लेखनात ते पूर्णपणे दाखवले जात नाहीत, तरी मिझोराम भारतातल्या सर्वांत साक्षर राज्यांपैकी आहे. वाचणाऱ्याला संदर्भातून शब्द कळतो. बोडो मूल ‘ओंखाम जा’ वाचताना क्षणभरही अडत नाही. म्हणून वर्तमानपत्रात, कथेत, पाटीवर सूर लिहायची गरज मला वाटत नाही. पण शब्दकोशात, परक्यांसाठीच्या पाठ्यपुस्तकात आणि आरोग्याच्या प्रश्नावलीत सूर दाखवलाच पाहिजे. तिथे संदर्भ तोकडा असतो आणि चुकीची किंमत मोठी.

तुमच्या स्वतःच्या वहीसाठी खूण देवनागरीतच तयार आहे. ऋग्वेदाच्या छापील प्रतीत अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ पाहिली असेल. अनुदात्ताखाली आडवी, स्वरितावर उभी, उदात्त बिनखुणेचा. वैदिक भाषेतल्या आवाजाच्या चढउतारासाठी आपल्याच लिपीत ही सोय फार पूर्वी झाली, आणि या रेघा संगणकावरही मिळतात. खालच्या सुराच्या शब्दाखाली आडवी रेघ मारा, बाकी मोकळे ठेवा. हे केवळ तुमच्यासाठी. बोडो मजकूर छापायला देताना त्या रेघा काढून टाका, कारण तिथल्या वाचकाला त्या अनोळखी आहेत.

(महाराष्ट्रातही हा विषय परका नाही. मेळघाटातल्या कोरकू भाषेत खालचा सूर आहे हे भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड यांनी १९६०च्या दशकातच नोंदवलं. कोरकूही आता देवनागरीत लिहितात. धारणीच्या शाळेत कोरकू मुलांना वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो सूर ऐकायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.)

आता त्या उचललेल्या स्वल्पविरामाकडे परत. बोडोत त्याला ‘गोजौ कमा’ म्हणतात. ‘गोजौ’ म्हणजे उंच, आणि या एका शब्दात वर शिकलेले ओ आणि औ दोन्ही आहेत, सरावाला उत्तम. युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेच्या) दस्तऐवजात त्याचं वर्णन सुराची खूण असं केलेलं आढळतं, त्यामुळे बरेच जण समजतात की बोडोत सूर लिहिला जातोच. ‘बरʼ’, ‘नʼ’, ‘गथʼ’ या शब्दांत तो काय करतो हे वर पाहिलं: तो स्वर राखतो. तो दिसला म्हणून आवाज चढवू नका.

टंकताना मात्र त्याची खरी काळजी घ्या. युनिकोडात या खुणेला अक्षर म्हणून स्वतंत्र जागा आहे. बहुतेक लोक कळफलकावरचं साधं अवतरणचिन्ह दाबतात आणि काही प्रणाली त्याचं आपोआप वळणदार चिन्ह करतात. डोळ्याला तिन्ही सारखे. संगणकाला तीन वेगळे शब्द. रुग्णांच्या यादीत एकच नाव तीन प्रकारे पडलं की शोधताना सापडत नाही, आणि अवतरणचिन्ह वापरलं तर ‘गथʼफोर’सारखा शब्द मधेच तुटून दोन होतो. प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात एक चिन्ह ठरवा आणि सगळ्यांच्या फोनवर तेच बसवा.

राहिली नावं. भाषेच्या नावातला ‘ड’ असमियातून आला. तिथे ड खाली टिंब देऊन लिहितात आणि तो ‘र’जवळ ऐकू येतो. लोक स्वतःला ‘बॉरॉ’ म्हणतात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २००३ च्या ९२व्या दुरुस्तीने आलेलं नाव बोडो आहे आणि मराठीतही तेच रुळलं आहे. मराठी अहवालात ‘बोडो’ लिहा, बोलताना त्यांच्यासारखं बोला. आडनावांत ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येईल. बोडोत इ-उ लांब की आखूड याने अर्थ बदलत नाही, म्हणून तिथे बहुधा ऱ्हस्व लिहितात: दैमारि, बसुमतारि. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे आपण शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहितो, म्हणून मराठी वाक्यात ‘दैमारी’ येणं स्वाभाविक आहे आणि चूक नाही. पण बोडो मजकूर किंवा सरकारी कागदावरचं नाव उतरवताना ऱ्हस्व तसाच ठेवा.

एक विनंती. कामाच्या ओघात कोणी ना कोणी म्हणेल की ही भाषा रोमनमध्येच लिहायला हवी होती, किंवा देवनागरी हिला बसतच नाही. बोडो साहित्य सभा १९५२ ची, शाळांत बोडो माध्यम १९६३ पासून. लिपीसाठी १९७४ मध्ये रोमनचं आंदोलन झालं, त्यात माणसांचे जीव गेले आणि १९७५ मध्ये देवनागरीवर तडजोड झाली. केंद्र, आसाम सरकार आणि बोडो संघटना यांच्यात झालेल्या २०२० च्या करारात देवनागरीतल्या बोडोला आसामच्या सहयोगी राजभाषेचं स्थान द्यायचं ठरलं. २०११ च्या जनगणनेत जवळपास १४.८ लाख लोकांनी ही मातृभाषा सांगितली. त्यांच्या घरात या लिपीची किंमत कोणी चुकवली हे तुम्हाला समोरून दिसणार नाही, तेव्हा लिपीच्या वादात बाहेरच्याने मत देऊ नये. तुम्ही नोंदवही त्यांच्यापुढे ठेवा, नाव त्यांनाच लिहू द्या आणि गोजौ कमासकट जसंच्या तसं उतरवा.